रोग आला की धाडला?

दिवाळीचा अंक उघडून बसलेल्या वाचकाच्या एका हाताशी चकलीची बशी असते आणि दुसऱ्या हाताशी चहाचा कप. अशा वेळी त्याला प्लेग, देवी आणि पाकिटातल्या विषारी भुकटीच्या गोष्टी सांगणे म्हणजे लग्नघरात मृत्युपत्राचा विषय काढण्यासारखे आहे, हे मला कळते. पण मृत्युपत्राचे जसे, तसेच ह्या विषयाचेही आहे. तो काढायला चांगली वेळ कधीच नसते. आणि वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो.

मी पेशाने परिचारिका. मराठवाड्यातल्या सरकारी रुग्णालयांत नोकरी केली, पुढे नर्सिंगच्या मुलींना शिकविले, आणि सेवानिवृत्तीनंतर छत्रपती संभाजीनगरजवळ, म्हणजे आमच्या पिढीच्या तोंडी अजून औरंगाबाद असलेल्या शहराजवळ, वाळूजला बिऱ्हाड केले. दर रविवारी दुपारी इथल्या लहानसहान दवाखान्यांतल्या वीस-पंचवीस परिचारिका एका मंगल कार्यालयाच्या वरच्या खोलीत जमतात आणि मी त्यांचा वर्ग घेते. विषय असा की, एखादा भयंकर रोग अचानक उद्भवला, किंवा कोणी दुष्ट बुद्धीने तो मुद्दाम पसरविला, तर तो ओळखावा कसा आणि पहिल्या तासात करावे काय?

हे ऐकून आमच्या शेजारच्या काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो सिस्टर, इथं डासांना कुणी आवरत नाही, आणि तुम्ही अतिरेक्यांचे जंतू काय शिकवत बसलात?"

काकूंचा प्रश्न अगदी रास्त आहे. हा लेख म्हणजे त्याचेच उत्तर. शत्रूने धाडलेला रोग आणि आपल्या पायांनी आलेला रोग, दोन्ही दवाखान्याच्या एकाच दारातून आत येतात. त्या दारात उभी असते ती परिचारिका. हा रोग आला की धाडला, हे तिने ओळखावे अशी माझी मुळीच अपेक्षा नाही; ते काम प्रयोगशाळेचे आणि पोलिसांचे. 'हे नेहमीचे नाही' एवढेच तिला ओळखता यावे, आणि तिने ते सांगितल्यावर कोणीतरी ते ऐकावे. पहिली गोष्ट शिकविता येते. दुसरीसाठी मला तुमची, वाचकांची, मदत हवी आहे.

पाळ्यांचे गाव

वाळूज हे गंगापूर तालुक्यातले जुने गाव. औद्योगिक वसाहत झाली, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि ज्वारी-कपाशीच्या रानात भोंगे वाजू लागले. आज इथे गाड्यांचे सुटे भाग होतात, औषधे होतात, रसायने होतात, बिअरही होते. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर अशा वस्त्या एकमेकींना चिकटल्या आहेत. हे पंढरपूर म्हणजे आमचे छोटे पंढरपूर. आषाढीला इथल्या विठोबापुढेही प्रचंड गर्दी लोटते.

ह्या वस्त्यांतून परभणीचा, बुलढाण्याचा, बिहारचा आणि उत्तर प्रदेशाचा तरुण कामगार एका खोलीत सहा-सहा जणांनी राहतो. दिवसपाळी उठून गेली की तिच्याच अंथरुणावर रात्रपाळी येऊन झोपते. जेवण मेसचे, पाणी टँकरचे, नोकरी ठेकेदाराची. ताप आला तर हा मुलगा शहरातल्या घाटी रुग्णालयापर्यंत लगेच जात नाही. तो कोपऱ्यावरच्या दहा खाटांच्या दवाखान्यात येतो. तिथे रात्री दोन वाजता कोण असते? थकलेला एक डॉक्टर, झोपाळलेले एक वॉर्डातले मामा, आणि विशी-बाविशीची एक सिस्टर. देशाच्या रक्षणाची पहिली चौकी म्हणतात ती हीच, आणि चौकीवरचा शिपाई म्हणजे ही मुलगी.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००८ साली जैविक आपत्तींना तोंड कसे द्यावे ह्याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. चांगली आहे. पण ती इंग्रजीत आहे आणि जाडजूड आहे, आणि रात्रपाळीच्या टेबलावर मी ती कधी पाहिलेली नाही. तिच्यातले सार घरगुती मराठीत उतरविणे, एवढाच माझ्या वर्गाचा उद्योग.

मुंबईहून गेलेला प्लेग

'असले प्रकार आपल्याकडे होत नाहीत' असे कोणी म्हणाले की मी पाकूरच्या खटल्याची गोष्ट सांगते. ती ऐकताना मुली जांभया द्यायच्या विसरतात.

२६ नोव्हेंबर १९३३ चा दिवस. कलकत्त्याजवळच्या हावडा स्टेशनात अमरेंद्र पांडे नावाचा पाकूरच्या जमीनदार घराण्यातला तरुण गाडीत बसायला निघाला होता. गर्दीत खादीचे कपडे घातलेला एक माणूस त्याला घासून गेला आणि दंडाला काहीतरी टोचले. माणूस दिसेनासा झाला. पुढे अमरेंद्राला ताप भरला, आणि ४ डिसेंबरला तो वारला. डॉक्टरांनी त्याचे रक्त तपासायला धाडले होते. त्याचा निकाल मृत्यूनंतर हाती आला. रक्तात प्लेगचे जंतू होते! शहरात तर प्लेगची साथ नव्हती.

तपासाचे धागे मुंबईला येऊन पोहोचले. इस्टेटीच्या लोभाने अमरेंद्राचा सावत्र भाऊ विनयेंद्र ह्याने तारानाथ भट्टाचार्य नावाच्या डॉक्टराला हाताशी धरले होते. प्लेगवर औषध शोधतो आहोत अशी बतावणी करून त्यांनी मुंबईच्या आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयात शिरकाव मिळविला होता. तेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. दोघांनाही आधी फाशीची शिक्षा झाली आणि वरच्या न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली.

ही गोष्ट मी भीती घालायला सांगत नाही. मी मुलींना विचारते, "ह्यात खुनाला वाचा कोणामुळे फुटली?" कोणी म्हणते पोलिसांमुळे, कोणी म्हणते प्रयोगशाळेमुळे. खरे उत्तर असे की, दंडावरच्या त्या बारीक टोचणीकडे कोणीतरी लक्ष दिले आणि 'हा साधा ताप नव्हे' म्हणून रक्त धाडले. ते केले नसते, तर केसपेपरवर 'ताप' एवढेच लिहिले गेले असते आणि खुनी वारस होऊन बसला असता.

पुण्याहून गेलेली मंडळी

दुसरी गोष्ट पन्नास वर्षांनंतरची आणि सातासमुद्रापलीकडची. पण तिचेही एक टोक महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या कोरेगाव पार्कातला रजनीशांचा आश्रम १९८१ साली अमेरिकेत ऑरेगन राज्यात गेला आणि तिथे त्यांनी नवे गावच वसविले. स्थानिक लोकांशी खटके उडू लागले. जिल्ह्याची निवडणूक तोंडावर आली, तेव्हा विरोधी मतदारांना अंथरुणाला खिळवायचे असे आश्रमातल्या काही अधिकारी मंडळींनी ठरविले. सप्टेंबर-ऑक्टोबर १९८४ मध्ये द डॅल्स नावाच्या गावातल्या दहा उपाहारगृहांत कोशिंबिरीच्या पदार्थांवर त्यांनी जंतूंचे पाणी शिंपडले. ७५१ माणसे जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. सुदैवाने मृत्यू एकही झाला नाही.

ह्यातली मन विषण्ण करणारी गोष्ट अशी की, ह्या कारस्थानातली एक प्रमुख बाई, मा आनंद पूजा, ही स्वतः परिचारिका होती. आश्रमाचा दवाखाना तिच्या हाताखाली होता. जी विद्या माणसे वाचवायला शिकायची, तीच तिने अशी वापरली. १९८६ साली तिला आणि तिची वरिष्ठ शीला हिला शिक्षा झाली.

पण माझ्या वर्गाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग निराळा आहे. साथ आली तेव्हा आरोग्य खात्याने माणसे मोजली, ती कुठे जेवली हे विचारले, जंतू ओळखला, आणि निष्कर्ष काढला की उपाहारगृहांतल्या नोकरांनी हात धुतले नसावेत! खरा प्रकार बाहेर यायला वर्ष लागले, आणि तोही आश्रमातच फाटाफूट झाली म्हणून. म्हणजे पाहा, अमेरिकेतल्या तज्ज्ञांनाही 'आला की धाडला' हे पहिल्या दिवशी कळले नाही. पण आधी माणसे मोजलेली होती, नावनिशी लिहून ठेवलेली होती, जंतू जपून ठेवलेला होता. म्हणून वर्षानंतर आश्रमाच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या जंतूशी तो पडताळून पाहता आला. जी नोंद आज कंटाळवाणी वाटते, ती उद्याचा पुरावा असते.

मामल्याचे उंदीर

आता घराजवळ येऊ. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने सारा मराठवाडा हादरला. पुढच्या वर्षी, १९९४ च्या पावसाळ्यात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी उंदीर पटापट मरून पडू लागले. पिसवा झाल्या, आणि माणसांच्या जांघेत नि काखेत गाठी येऊ लागल्या. भूकंपाच्या धास्तीने लोक घराबाहेर राहत होते, धान्य घरात तसेच होते, त्यावर उंदीर माजले, असे एक कारण तेव्हा सांगितले गेले. सप्टेंबरात तिकडे सुरतेला फुप्फुसाचा प्लेग उद्भवला. पन्नासहून अधिक माणसे दगावली आणि लाखो माणसे रेल्वे नि बस पकडून शहराबाहेर पळाली. त्यांत आपल्या मराठवाड्या-खानदेशातले मजूरही होते.

मी त्या वेळी एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स होते. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅपसुली नाहीशा झाल्या होत्या. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे एकमेकांकडे संशयाने पाहत. आणि कुजबुज तर अशी की हा रोग नव्हेच, शत्रूने सोडलेले जंतू आहेत! पुढे डॉ. रामलिंगस्वामी ह्यांच्या समितीने हा प्लेगच होता असा निर्वाळा दिला. पण वॉर्डात उभे राहून मला एक गोष्ट तेव्हाच कळली. शत्रूने सोडला असे धरले काय आणि उंदराने आणला असे धरले काय, माझे काम तसूभरही बदलत नव्हते. रोग्याला वेगळे ठेवायचे, त्याच्या तोंडाला आणि माझ्या तोंडाला मास्क बांधायचा, औषध तासाभराचीही दिरंगाई न करता सुरू करायचे, आणि त्याच्या खोलीत कोण कोण होते ते लिहून घ्यायचे. फुप्फुसाच्या प्लेगात लक्षणे दिसल्यापासून चोवीस तासांच्या आत योग्य औषध मिळाले तर माणूस वाचण्याची आशा असते. उशीर झाला तर जवळजवळ नसतेच. तो एक दिवस अफवांत घालवायचा की कामात, एवढाच काय तो प्रश्न.

प्लेगशी महाराष्ट्रातल्या शुश्रूषेचे नाते जुने आहे. १८९७ साली पुण्याच्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंताच्या, दवाखान्यात रोगी आणून घातले. मुंढव्याच्या एका आजारी पोराला त्या पाठीवर घेऊन आल्या असे सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आणि अगदी अलीकडे, मे २०१८ मध्ये, केरळातल्या पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात लिनी पुथुसेरी नावाच्या परिचारिकेने एका तापकऱ्याची सेवा केली. तो ताप निपाचा होता, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. लिनी मागे दोन लहान मुले ठेवून गेली. दोन बायकांमध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर. पण रोगाचे नाव कळायच्या आधी रोग्याजवळ जाणारे माणूस तेच.

म्हणून मी वर्गात पहिले वाक्य फळ्यावर लिहिते ते असे : "स्वतः आडवी पडलेली सिस्टर कोणालाही वाचवू शकत नाही." आधी मास्क, मग माया.

चार शब्द

आमचा सारा अभ्यासक्रम चार शब्दांत मावतो. पाहा, विचारा, झाका, कळवा.

पाहा म्हणजे काय? तर नेहमीपेक्षा वेगळे काय आहे ते पाहा. धडधाकट तरुण एकाच दिवशी एकाच तऱ्हेने आजारी पडत आहेत का? ज्या ऋतूत जो आजार नसतो तो दिसतो आहे का? माणसांच्या आधी कोंबड्या, गुरे, उंदीर मेले का? नेहमीच्या औषधाने उतरणारा ताप उतरतच नाही का? कातडीवर फोड आहे, दुखत मुळीच नाही, आणि मधोमध कोळशासारखी काळी खपली आहे, तर अँथ्रॅक्सचा संशय घ्या. हा रोग गुराढोरांकडून आपल्याकडेही होतो, त्यामुळे लगेच अतिरेकी शोधत सुटू नका. ताप नाही, शुद्ध आहे, पण पापण्या मिटतात, एकाचे दोन दिसतात आणि लुळेपणा वरून खाली उतरतो आहे, तर अन्नातल्या बॉट्युलिझमच्या विषाची शंका घ्या. देवी तर जगातून गेल्याच. १९८० साली तशी घोषणा झाली. तरी कांजिण्या आणि देवी ह्यांतला फरक मी शिकवितेच. कांजिण्यांचे फोड अंगाखांद्यावर जास्त आणि काही नवे, काही सुकलेले. देवीचे चेहऱ्यावर नि हातापायांवर जास्त आणि सगळे एकाच वयाचे.

विचारा. कुठे राहता? काय काम करता? गेल्या तीन दिवसांत कुठे गेलात, काय खाल्ले, कोणाबरोबर? २००१ साली अमेरिकेत टपालाच्या पाकिटांतून अँथ्रॅक्सची भुकटी धाडली गेली. २२ जणांना रोग झाला, ५ जण मेले. त्यांतला टपाल खात्यातला एक कामगार आदल्या दिवशी रुग्णालयात जाऊन आला होता. साधा आजार समजून त्याला घरी धाडले. दुसऱ्या दिवशी तो परत आला तो वाचला नाही. रोगी काय काम करतो ह्याचा त्याच्या रोगाशी काय संबंध असू शकतो, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगणार? वाळूजसारख्या गावात तर हा प्रश्न नाव-गावाच्याही आधी विचारायला हवा.

झाका म्हणजे स्वतःला झाका आणि रोग्याला वेगळे ठेवा. इथे एक बारकावा असा की, सगळ्या रोगांना एकच कुलूप चालत नाही. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो. अँथ्रॅक्स तसा श्वासातून जात नाही. पण त्याचे बीज हातावर लावायच्या स्पिरिटच्या द्रवाने मरत नाही, तिथे साबण आणि वाहते पाणीच हवे. आणि वायू किंवा रसायन असेल तर आधी कपडे उतरवायला हवेत. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सरिन हा विषारी वायू सोडला. सेंट ल्यूक्स रुग्णालयात त्या एका दिवशी ६४० रोगी आले. त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेने तिथल्या कितीतरी परिचारिका आणि डॉक्टर स्वतःच चक्कर येऊन, डोळे चुरचुरून हैराण झाले.

हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडच्या बाया दारात कपडे उतरवतील का?" किती खरा प्रश्न! टोकियोच्या पुस्तकात ह्याचे उत्तर नाही. ते आम्हीच शोधले. चार जुन्या साड्या, एक सुतळी, पाण्याची नळी, साबण आणि धुतलेल्या गाउनांचा एक गठ्ठा, एवढे सामान एका पेटीत भरून दवाखान्याच्या दाराशी ठेवायचे. पाच मिनिटांत आडोसा उभा राहतो. आज आमच्या वर्गातल्या काही दवाखान्यांत अशी पेटी आहे. तिच्यावर खडूने लिहिले आहे : 'हात लावू नये. वेळेला लागेल.'

आणि शेवटचा शब्द, कळवा. इथेच सारे घोडे पेंड खाते.

ऐकणार कोण?

कळवायची व्यवस्था नाही असे नाही. २००४ पासून देशात रोगांवर नजर ठेवण्याचा एकात्मिक कार्यक्रम चालू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा सर्वेक्षण अधिकारी अशी साखळी आहे. पण साखळीची पहिली कडी म्हणजे खाजगी दवाखान्यातली ती मुलगी. तिला नेमणुकीचे पत्रही नसते, आणि 'उद्यापासून येऊ नकोस' एवढ्या तीन शब्दांवर तिची नोकरी लटकलेली असते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या वर्गातली गेवराईकडची एक मुलगी रात्रपाळीला होती. नऊपासून तीनपर्यंत सात कामगार उलट्या-जुलाबांनी आले. ठेकेदार निराळे, खोल्या निराळ्या, आले तेही एकेकटे. प्रत्येकाच्या केसपेपरवर 'गॅस्ट्रो' लिहून सलाईन लागले. हिने मात्र कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीमागे सातही जणांची नावे मांडली आणि तेच तीन प्रश्न विचारले. सातही जण एकाच मेसमध्ये जेवणारे निघाले! तिने डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर छत्तीस तासांच्या ड्यूटीवर होते बिचारे. ते म्हणाले, "सिस्टर, सलाईन संपत आलंय ते बघा. गुप्त पोलिसांचं काम नको."

सकाळी तिने आरोग्य केंद्रात फोन केला. माणसे आली, मेसची टाकी पाहिली. फुटक्या नळातून गटाराचे पाणी तीत उतरत होते. टाकी बंद झाली. त्या संध्याकाळी तिथे दीड-दोनशे कामगार जेवणार होते.

ना अतिरेकी, ना जंतूंची कुपी. एक फुटका नळ. पण ह्या मुलीने जे केले ते अक्षरशः तेच होते, जे कोणी मुद्दाम विष कालवले असते तर करावे लागले असते. आणि तिचे काय झाले? मालकांनी बोलावून विचारले, "दवाखान्याचं नाव बाहेर कशाला काढलंस?" महिनाअखेरीस तिला दुसरी नोकरी शोधावी लागली.

पुढच्या रविवारी ती वर्गात आली, आणि तिच्या मैत्रिणीने उभे राहून विचारले, "मॅडम, पाहा, विचारा, झाका हे जमतं. कळवा म्हणता, तर आमचं ऐकणार कोण?" खोलीत कोणीच बोलले नाही. फळ्यावर लिहून द्यावे असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. अजूनही नाही. ते उत्तर वर्गाबाहेर तयार व्हायचे आहे, आणि म्हणूनच हा लेख चकलीच्या बशीशेजारी आणून ठेवण्याचे धाडस मी केले.

तुमच्यापैकी कोणी कारखान्यात अधिकारी असाल, कोणी दवाखान्याचे मालक, कोणी डॉक्टर. तुम्ही एवढेच ठरवा की, सिस्टरने कळविले आणि ते खोटे ठरले तरी तिला शिक्षा होणार नाही. दहा वेळा 'साप साप' म्हणून भुई धोपटली तरी चालेल. अकराव्या वेळी खरा साप निघाला तर दहा वेळांचे श्रम वसूल झाले. २००१ साली भुकटीच्या पाकिटांची भीती मुंबईपर्यंत आली होती. आपल्याकडे त्या पाकिटांनी कोणी आजारी पडले नाही. पण कोणी ती तपासायला धाडली म्हणून काही बिघडले का?

घरोघरच्या वाचकांनाही माझे सांगणे आहे. घरी संशयास्पद पाकीट आले, त्यातून भुकटी सांडली, तर ते हलवू नका, हुंगू नका. पंखा बंद करा, पाकिटावर काहीतरी झाका, दार लावून बाहेर या, साबणाने हात धुवा, खोलीत कोण कोण होते ते लिहून ठेवा आणि ११२ ला फोन करा. साथीची बातमी आली तर डॉक्टरांनी दिल्यावाचून गोळ्यांची साठवण करू नका. तुमच्या कपाटातली गोळी ज्याला हवी तो दुकानात रिकाम्या हाताने उभा असतो. आणि गाव सोडून पळू नका. पळणारा माणूस रोग टाकून जात नाही, घेऊन जातो.

आणि शेवटचे, सर्वांत सोपे. दवाखान्यात गेल्यावर एखादी तरुण सिस्टर कागद घेऊन येईल आणि विचारील, "काल कुठे होता? काय खाल्लं? घरात आणखी कुणाला ताप आहे का?" अशा वेळी आपण चटकन म्हणतो, "डॉक्टर कुठे आहेत? त्यांनाच सांगू." तसे म्हणू नका. ती चौकशा करीत नाही, पहारा करते आहे. तिला नीट, खरे उत्तर द्या.